पॅनेल बंद करण्याआधी पेटी मोजा

प्रश्न थोडक्यात असा: बारा जणांचं लहान हँगर. फ्लाइंग स्कूलच्या सेसना १७२ येतात, अधूनमधून चार्टरची किंग एअर येते. हत्यारं सगळ्यांची सामाईक. चार लाल पेट्या आणि भिंतीवर एक बोर्ड. दर शनिवारी संध्याकाळी मोजदाद होते. गेल्या शनिवारी पाव इंची ड्राइव्हचं, ३/८ मापाचं लांब सॉकेट (नटबोल्टावर बसवायची गोटी) कमी निघालं. त्या आठवड्यात तीन विमानं काम होऊन बाहेर गेली होती. मालकांनी ‘नवीन आणा, ज्याच्याकडून गेलं त्याच्या पगारातून कापा’ म्हणून विषय मिटवला. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंय की आरएफआयडीचं कपाट (हत्यारांवरचे रेडिओ टॅग वाचून आत काय आहे, काय नाही ते ओळखणारं) घ्यावं की मोबाइलवरचं अ‍ॅप पुरेल, आणि नवीन सॉकेटवर जुनाच नंबर कोरायचा का.

कपाटाचं नंतर पाहू. आधी ती तीन विमानं. त्यांच्या रिलीजवर, म्हणजे विमान उडायला ठीक असल्याच्या दाखल्यावर, ज्या एएमईची (परवानाधारक देखभाल अभियंत्याची) सही आहे त्याला आज रात्रीच गाठा आणि त्याच्याकडून ऑपरेटरला कळवायला लावा. फोन करा आणि ईमेलही करा. ‘आमचं अमुक मापाचं सॉकेट सोमवार ते शनिवार या काळात हरवलं आहे, ते तुमच्या विमानात असण्याची शक्यता आहे, तपासल्याशिवाय उडवू नका’ एवढं पुरे. लाज वाटेल. वाटू द्या.

मग आठवड्याची सगळी टास्क कार्डं (कोणत्या विमानावर काय काम झालं त्याचे सह्यांचे कागद) टेबलावर पसरा. ३/८ म्हणजे एएन-३ बोल्टाचं माप. सेसनात ते जागोजागी लागतं, त्यामुळे ‘कुठे वापरलं असेल’ असं विचारलंत तर ‘सगळीकडे’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी ‘लांब सॉकेट कशाला घेतलं असेल’ असं विचारा. लांब सॉकेट माणूस दोनच वेळा उचलतो: बोल्टाचे आटे नटाच्या बाहेर बरेच आलेले असतात तेव्हा, किंवा साधं सॉकेट पोचत नाही तेव्हा. अशा जागा एका विमानात पाच-सहाच निघतील. तिथून सुरुवात करा. त्यातही पहिला मान कंट्रोल केबल, पुली आणि बेलक्रँक (केबलची ओढ वळवणारे दांडे) जिथे आहेत त्या जागांचा. शेपटीचा निमुळता भाग, केबिनच्या फरशीखालचा भाग, पंखातले एलेरॉनचे (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पाळ्यांचे) बेलक्रँक. इंजिन त्यानंतर. आणि एक लक्षात ठेवा, सुटी वस्तू जिथे विसरली तिथेच राहत नाही. विमान नाक वर करून चढतं तेव्हा ती मागे घरंगळते, आणि आतल्या फ्रेमना वजन कमी करण्यासाठी भोकं पाडलेली असतात. फरशीखाली राहिलेलं सॉकेट काही उड्डाणांनंतर शेपटीतल्या एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या पाळ्याच्या) बेलक्रँकपाशी पोचू शकतं. तिथे ते अडकलं तर काय होतं, ते सांगायला नको.

आता तुमच्या शनिवारच्या मोजदादीकडे येतो, कारण खरी चूक तिथे आहे असं मला वाटतं. शनिवारी मोजून तुम्हाला काय कळलं? सहा दिवसांत कधीतरी, बारापैकी कुणाच्यातरी हातून, तीनपैकी एका विमानात किंवा कदाचित कुठल्याच नाही, एक सॉकेट गेलं. या माहितीचा उपयोग फक्त नवीन सॉकेट मागवण्यापुरता. सर्जन पोट शिवण्याआधी नर्सकडून कापसाच्या घड्या आणि चिमटे मोजून घेतो. महिनाअखेरीला स्टोअरमध्ये चिमटे कमी भरले म्हणून पेशंट शोधत फिरत नाही. आपल्याकडे पोट शिवणं म्हणजे पॅनेल बंद करणं. मोजायची वेळ ती.

बहुतेक मालकांना वाटतं की हत्यारांचा हिशेब चोरी होऊ नये म्हणून ठेवायचा. गॅरेजमध्ये ते खरंही असेल. तिथे गोटी पान्यातली एक गोटी हरवली तर नुकसान गोटीच्या किमतीएवढं. आपल्याकडे सॉकेटची किंमत हा मुद्दाच नाही. ते पेटीत नाही, तर मग कुठे आहे, एवढाच मुद्दा आहे. नियमही तेच म्हणतो. डीजीसीएच्या सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमावलीतला १४५.ए.४८ हा परिच्छेद काढून वाचा: काम संपल्यावर विमानात हत्यारं, उपकरणं, कसलीही उपरी वस्तू राहिलेली नाही आणि काढलेली सगळी पॅनेलं परत बसली आहेत, याची सर्वसाधारण पडताळणी झालीच पाहिजे. यात कपाटाचा, बोर्डाचा उल्लेख नाही. विमान मोकळं आहे का, एवढंच विचारलंय.

मोठ्यांकडूनही हे सुटतं. ६ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिसला क्वांटासच्या एका ए३८० च्या डाव्या बाहेरच्या इंजिनाची बोअरस्कोप तपासणी (बारीक कॅमेरा आत घालून) झाली. कॉम्प्रेसर हाताने फिरवायला वापरतात ते नायलॉनचं सव्वा मीटर लांबीचं हत्यार इंजिनातच राहिलं. विमान त्यानंतर ३४ वेळा उडालं, जवळजवळ २९४ तास, आणि १ जानेवारी २०२४ ला पुढच्या तपासणीत ते सापडलं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल उपलब्ध आहे, जरूर वाचा. सव्वा मीटर! लहान पोराच्या उंचीची वस्तू. माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही की रिलीजवर सही होण्याआधी हरवलेल्या हत्याराची प्रक्रिया सुरूच झाली नव्हती. इतक्या मोठ्या एअरलाइनकडे पद्धत नसेल असं कोण म्हणेल? पण हिशेब आणि सही यांची गाठ पडली नाही.

म्हणून तुमच्या हँगरमध्ये पहिला बदल हा करा, आणि याला एक पैसाही लागत नाही. टास्क कार्डावर ‘पॅनेल बंद’ या ओळीच्या वर एक ओळ वाढवा: ‘पेटी क्रमांक अमुक मोजली, पूर्ण आहे’, वेळ आणि सही. ती सही काम करणाऱ्याची. आणि बंद करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी टॉर्च घेऊन आत बघायचं. ज्याने तासभर त्या भोकात मान घालून काम केलंय त्याला तिथे काही दिसत नाही. डोळा सरावलेला असतो. नव्या पोराला बघायला सांगा, त्याला दिसतं.

हे जमायचं तर पेटी अर्ध्या मिनिटात मोजता आली पाहिजे. इथे फोम येतो. दोन रंगांचे थर घ्या, खाली पिवळा, वर काळा, आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा वरच्या थरात कापा. हत्यार नसलं की पिवळा डोळा उघडतो. मोजावं लागतच नाही, दिसतं. हा फोम गादीवाल्याकडून आणू नका. स्पंजासारखा फोम ऑइल आणि हायड्रॉलिक फ्लुइड पितो, वर्षभरात त्याचा भुगा व्हायला लागतो, आणि मग तोच भुगा हत्यारांबरोबर विमानात जातो. बंद छिद्रांचा, टणक फोम मागा. कापायला धारदार कटर आणि एक रविवार लागतो. बारा जणांनी मिळून बसा, म्हणजे पेटीत काय आहे हे बाराही जणांना पाठ होईल. हा फायदा तयार कापलेला फोम विकत आणून मिळत नाही.

एका खाच्यात एकच हत्यार. ‘हे दोन छोटे अ‍ॅलन पाने एकत्र ठेवू’ म्हणालात की खेळ संपला. आणि ज्याचं कधी काम पडत नाही ते पेटीतून काढा. आमच्या एका पेटीत १४० नग होते. बसून बघितलं तर रोजच्या कामाला ६० लागायचे. बाकीचे स्टोअरमध्ये गेले. ६० नग मोजायचा कंटाळा येत नाही.

भिंतीवरच्या बोर्डासाठी टोकन. मी या धंद्यात आलो तेव्हा आमचं टूल स्टोअर हवाई दलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर सांभाळायचे. ते टोकन न म्हणता ‘टॅली’ म्हणायचे. प्रत्येकाच्या नावावर पितळेचे दहा बिल्ले, त्यावर नंबर ठोकलेला. हत्यार उचललं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. दहा बिल्ले संपले की अकरावं हत्यार मिळणार नाही, देवाचा बाप आला तरी. आम्हाला तेव्हा ते खडूस वाटायचे. पुढे कळलं की खरी करामत त्या दहाच्या मर्यादेतच होती. माणूस अकरावं मागायला आला की आधी आधीची परत आणायचा.

टोकनची एक मेख आहे. ते खिशात ठेवू देऊ नका. खिशातलं टोकन वाकल्यावर विमानात पडतं, आणि मग तुम्ही हत्यार शोधता शोधता हत्याराचा हिशेब शोधत बसता. स्टोअरच्या दाराशी प्रत्येकाची खिळ्यांची ओळ करा, टोकनं तिथेच. आणि दुसऱ्याच्या टोकनवर हत्यार घेणं, ‘अरे तुझ्या नावावर दे ना, आत्ता आणून देतो’, हे सक्त बंद. दोस्तीत हेच होतं आणि रात्रपाळीत हेच अंगाशी येतं. टोकनवाल्याला वाटतं हत्यार नेणाऱ्याने परत दिलं, नेणाऱ्याला वाटतं टोकनवाल्याने दिलं.

रजिस्टरमध्ये तुम्ही बहुधा नाव, तारीख, हत्यार लिहीत असाल. दोन रकाने वाढवा: विमानाचं रजिस्ट्रेशन आणि विमानावरची जागा. ‘व्हीटी-अमुक, डावा पंख, तिसरं पॅनेल.’ लोक कुरकुर करतील. हरवलं की शोध कुठून सुरू करायचा ते हा रकाना सांगतो. शिवाय दुसरा एक उपयोग, जो सहसा कुणी सांगत नाही: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासायला, गेला आणि लॅबने कळवलं की तो चुकीचं दाखवत होता, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून तो कोणकोणत्या विमानांवर चालला हे तुम्हाला शोधावं लागतं. हा रकाना नसेल तर सगळी विमानं पुन्हा टॉर्क करत बसा.

आता सॉकेटबद्दल जरा सविस्तर, कारण माझ्या अनुभवात हरवणाऱ्या हत्यारांत सॉकेटचा नंबर पहिला, आणि ते हरवण्याची रीत ठरलेली आहे.

एका रात्री किंग एअरच्या इंजिनावर काम होतं. काउलिंग (इंजिनावरचं आवरण) बंद करण्याआधी पेटी बघितली, ७/१६ सॉकेटच्या जागी पिवळा डोळा. चौघेजण शोधायला लागलो. जमीन, ट्रे, इंजिनाखालचा ड्रिप पॅन, काउलिंगचा तळ, कचऱ्याची पिशवी, एकमेकांचे खिसे. मॅग्नेट घातला, आरसा घातला. अडीच तास. पहाटे आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्सच्या मागे हात घातला आणि नुसत्या स्पर्शाने म्हणाला, ‘दादा, हा नट लांब लागतोय.’ सॉकेट नटावरच बसलेलं होतं. शेवटचा झटका देऊन एक्स्टेन्शन बार ओढून घेतला, बार आला, सॉकेट नटाला धरून राहिलं. अंधारात बारचं टोक कोण बघतो? आम्ही चौघेही खाली शोधत होतो, कारण हरवलेली वस्तू पडलेली असते असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

सकाळी तो बार हातात घेऊन बघितला. त्याच्या चौकोनी टोकावर जी स्प्रिंगवरची बारीक गोळी असते, सॉकेट धरून ठेवणारी, ती झिजून आत गेली होती. चांगल्या बारवर सॉकेट बसवताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि बोटाला तो कळतो. तो बार मुका झाला होता. तेव्हापासून माझी सवय आहे: महिन्यातून एकदा प्रत्येक रॅचेट आणि बारवर सॉकेट बसवायचं, तोंड खाली करून दोनदा हलवायचं. सुटलं तर तो बार बाद. दुरुस्ती नाही, ‘तात्पुरता चालू दे’ नाही. आणि बार बाहेर काढला की टोकाकडे बघितल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही. तुमच्या ३/८ च्या सॉकेटचाही शोध पडलेल्या जागांआधी शेवटच्या नटांवर घ्या. जिथे हात पोचत नाही म्हणून लांब सॉकेट लावलं असेल, तिथे डोळाही पोचत नाही. बोटांनी चाचपा.

हत्यार पूर्ण परत आलं का, हा वेगळा प्रश्न आहे. खाच्यात बसलेलं हत्यार अख्खं असेलच असं नाही. २९ ऑक्टोबर २०२० ला ब्रिस्बेनहून सुटणाऱ्या एका ए३२० ला धावपट्टीवर वेग घेताना फटफट आवाज यायला लागला, इंजिन थरथरलं, वैमानिकांनी टेकऑफ सोडून दिला. इंजिन उघडल्यावर आत मोठी मोडतोड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या बिटाचं टोक. देखभालीत राहिलेलं ते टोक घेऊन विमान शंभराहून जास्त वेळा उडालं होतं. एवढासा तुकडा. म्हणून बिट आणि ड्रिल यांचा नियम कडक ठेवा: नवीन मिळेल ते जुनं दिल्यावरच, आणि तुटलेलं असेल तर दोन्ही तुकडे दिल्यावर. ते जोडून बघायचे. मध्ये फट राहिली तर तिसरा तुकडा कुठेतरी आहे. मुलं तुटलेलं बिट गुपचूप कचऱ्यात टाकतात, कारण बिट तुटलं म्हणजे आपण जोर जास्त लावला असं त्यांना वाटतं. बिट तुटतातच. बिटाबद्दल कुणालाही कधी बोल लावू नका.

लॉकिंग वायरची कापलेली टोकं, ब्लेडचे तुकडे, फडकी, टेपचे बोळे यांना खाचा नसतो. फडकी मोजून द्या आणि मोजून घ्या. भडक रंगाची असली तर उत्तम. वायर कापताना टोक दुसऱ्या हाताने धरूनच कापायचं, ते उडालं की गेलंच. स्वतःच्या वस्तूंचं तर काय सांगावं: पेन, चष्मा, अंगठी, वरच्या खिशातला मोबाइल. एएमई मंडळी स्वतःची टॉर्च आणि भिंग बाळगतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. विचारा. मी स्वतः एकदा चष्म्याचं कव्हर पंखात ठेवून आलो होतो आणि ते माझ्या हेल्परने काढून दिलं. बाहेरून कामाला येणाऱ्या कंत्राटदाराची पेटी दारातच उघडून फोटो काढा, जाताना फोटोशी ताडून बघा. भांडण होत नाही, फोटोला कुणी नाही म्हणत नाही.

हत्यारांवर नंबर कोरताना पंच आणि हातोडी वापरू नका, कडक पोलादाच्या सॉकेटला त्याने तडा जाऊ शकतो. कंप पावणारं छोटं एन्ग्रेव्हर मिळतं, त्याने हलकेच कोरा. रंगाचे पट्टे आणि चिकटपट्टी ओळखायला सोपी, पण रंगाचे पापुद्रे निघतात आणि पट्टी ऑइलमध्ये सुटते. म्हणजे ओळख म्हणून लावलेली गोष्टच विमानात राहणार.

आता मालकांच्या ‘पगारातून कापा’बद्दल. तुमच्या पत्रात हे वाक्य वाचलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. हँगरचं नाव घेत नाही. तिथेही हाच नियम होता: हरवलं तर किंमत पगारातून, वर सगळ्यांसमोर बोलणी. आणि आश्चर्य म्हणजे तिथे हत्यारं कधीच हरवायची नाहीत! बोर्ड नेहमी भरलेला. मालक अभिमानाने पाहुण्यांना दाखवायचे. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून, सतरंजीवर मांडून, झेंडूची फुलं वाहून पूजा व्हायची. (झेंडूच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी खाच्यांतून वेचून काढायचं काम माझ्याकडे असायचं, आणि टॉर्क रेंचला कुंकू लावू नका हे मी दरवर्षी सांगायचो.) त्या वर्षी हत्यारं पुसता पुसता मला एक स्क्रू-ड्रायव्हर वेगळा लागला. मूठ तीच, कंपनी तीच, लांबी तीच. पण मुठीवर आमचा नंबर नव्हता. मग एकेक बघत गेलो तर असे चार नग निघाले.

झालं होतं असं की एका मुलाचा स्क्रू-ड्रायव्हर हरवला. पगार किती, आणि त्यातून कापणार किती. त्याने सुट्टीच्या दिवशी मुंबईला नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन तसाच घेतला आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बोर्डावर लावला. बोर्ड भरला. हिशेब जुळला. बाकीच्यांनाही हा रस्ता कळला. त्यातला एक हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर पुढच्या मोठ्या तपासणीत फरशीखाली, केबलपासून वीतभर अंतरावर सापडला. तोवर ते विमान रोज उडत होतं. मुलं वाईट नव्हती. ज्याने आधी घेतला तो आज चांगला एएमई आहे. खरं बोलण्याची किंमत तिथे पगारातून जात होती, गप्प राहण्याची जात नव्हती.

तेव्हा मालकांना हे समजावणं हे तुमच्या यादीतलं सगळ्यात मोठं काम आहे, कपाटापेक्षा मोठं. त्यांना आकड्यांत सांगा: सॉकेट काही शे रुपयांचं, विमान काही कोटींचं, लायसन्स एकच. हरवल्याचं स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे, हे कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. आणि पहिल्यांदा कुणी येऊन सांगेल तेव्हा सगळ्यांच्या नजरा तुमच्या चेहऱ्याकडे असतील हे विसरू नका. कपाळाला एक आठी पडली तरी पुढचा माणूस नागदेवीचं तिकीट काढेल.

समजा कुणी येऊन सांगितलं, ‘माझं सॉकेट दिसत नाही.’ मग विमान जागचं हलवायचं नाही. टो करायचं नाही, बॅटरी चालू करायची नाही, फ्लॅप किंवा कंट्रोल हलवायचे नाहीत, कारण सॉकेट कुठेतरी अडकलेलं असेल तर पहिला धक्का तुम्हीच द्याल. कॉकपिटमध्ये आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लगेच नोंद, म्हणजे पाळी बदलली तरी कुणी चुकून रिलीज करणार नाही. कचऱ्याचे डबे आणि धुवायला जाणारे कपडे थांबवा. मी हरवलेली दोन हत्यारं लाँड्रीच्या गाठोड्यात पकडली आहेत. ज्याच्याकडून गेलं त्याला बाजूला बसवून चहा द्या आणि शेवटची पंधरा मिनिटं क्रमाने सांगायला लावा. त्याला शोधायला पाठवू नका, तो घाबरलेला असतो आणि जिथे एकदा बघितलं तिथेच पाचदा बघतो. शोधणारे दोघे, विमानाचे भाग वाटून, बघितलेल्या भागावर सही करत. हात पोचत नाही तिथे बोअरस्कोप.

एवढं करूनही सापडलं नाही तर? ते विमानात नाही हे कोण ठरवणार, हे आज, शांत डोक्याने, लिहून ठेवा. ज्याच्या हातून गेलं तो ठरवणार नाही, आणि विमान कधी देताय म्हणून फोन करणारा तर नाहीच. रिलीजवर सही करणारा एएमई, आणि त्याच्याबरोबर क्वालिटीचा माणूस. काय काय उघडलं, कुणी बघितलं, हे नोंदवून मगच. मी अशी सही २६ वर्षांत दोनदा केली आहे. दोन्ही वेळा त्या विमानाची पुढची मोठी तपासणी कधी आहे ते डायरीत लिहून ठेवलं होतं आणि त्या दिवशी स्वतः जाऊन फरशी उघडलेली बघितली.

आरएफआयडी कपाटाबद्दल माझं मत सरळ आहे: बारा माणसं आणि चार पेट्यांसाठी घेऊ नका. कपाटाला एवढंच कळतं की वस्तू कपाटात नाही. ती कुठे आहे हे त्याला कळत नाही, आणि ते तर पिवळा फोमही सांगतो. शिवाय पाव इंची सॉकेटवर आणि बिटांवर टॅग बसवणं अवघड, धातूजवळ टॅग नीट वाचलाही जात नाही, म्हणजे जे सगळ्यात जास्त हरवतं तेच कपाटाच्या हिशेबाबाहेर राहणार. तीन पाळ्या, शेकडो माणसं, अनेक बे असतील तिथे गोष्ट वेगळी. तिथे कुणी काय नेलं याची नोंद हाताने ठेवणं अशक्य होतं आणि असं कपाट पैसे वसूल करतं. अ‍ॅपचं म्हणाल तर रजिस्टर आधी सहा महिने नीट चालवून दाखवा. वहीत जो विमानाचं नाव लिहायचा कंटाळा करतो, तो मोबाइलवर जास्त कंटाळा करेल. वर मोबाइल पंखावर नेईल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, नवीन सॉकेटवर जुनाच नंबर कोरायचा का. नाही. जुना नंबर पेटी ३ चा १४ असेल तर नव्यावर १४-अ कोरा आणि यादीत १४ च्या पुढे लाल शाईने ‘हरवलं, सापडलेलं नाही’ असं लिहून ठेवा, तारखेसह. तो नंबर पुन्हा कुणालाच द्यायचा नाही. दोन वर्षांनी एखाद्या सेसनाच्या शेपटीत सॉकेट सापडलं आणि त्यावर १४ असेल, तर यादीतली तारीख आणि त्या आठवड्याची टास्क कार्डं काढून दहा मिनिटांत कळेल की ते आज रात्री फोन लावायच्या तीन विमानांपैकीच एकात इतके दिवस फिरत होतं की नाही.